बारा भोकांची परवानगी : घरमालक आणि इमारतीच्या व्यवस्थापन समितीस खुले पत्र

सन्माननीय घरमालक आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

बाथरूमच्या भिंतीत आधाराचे दोन दांडे बसवायची आणि आणखी तीन किरकोळ बदलांची परवानगी मी मागितली होती. त्यावर आपलं उत्तर आलं : ‘भाडेकरूंना सदनिकेच्या रचनेत कोणताही बदल करता येणार नाही. सबब नियमानुसार अर्ज फेटाळण्यात येत आहे.’ खाली सही, शिक्का, जावक क्रमांक, सगळं जागच्या जागी. मी व्हीलचेअर वापरते हे अर्जाच्या पहिल्याच ओळीत होतं. उत्तरात त्याचा उल्लेख कुठेच नाही.

हे पत्र चारचौघांत लिहिण्याचं कारण साधं आहे. घरमालकांना विचारलं की ते म्हणतात, समितीनं हो म्हटलं तर माझी काहीच हरकत नाही. समितीला विचारलं की उत्तर मिळतं, हा मालक आणि भाडेकरू यांच्यातला मामला. ही टोलवाटोलवी बंद दाराआड कितीही दिवस चालू शकते. शिवाय ‘भाडेकरूंना’ या अनेकवचनात मी एकटी नाही. उद्या कुणी नवा भाडेकरू हाच अर्ज घेऊन आला तर त्यालाही हेच छापील उत्तर मिळणार, म्हणून ते आत्ताच उघडं करून ठेवते.

मज्जारज्जूला इजा झाल्यापासून माझ्या कमरेखाली हालचाल नाही आणि संवेदनाही नाही. खांदे आणि दंड शाबूत आहेत, माझी सगळी ये-जा त्यांच्या जिवावर चालते. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून गाडीत, गाडीतून परत खुर्चीत, हे मी एकटी करते. नोकरी करते, भाडं वेळेवर भरते. अडतं ते बाथरूमच्या दारापाशी. तिथून पुढे मला माझी बहीण लागते, आणि ती घरी नसेल तर मी पाणी पिणं कमी करते. मूत्राशयावरचा ताबा गेलेल्या माणसानं पाणी कमी पिणं म्हणजे संसर्गाला आमंत्रण, हे डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं आहे. तरी करते, कारण दुसरा इलाज आपण ठेवलेला नाही.

आता हे बाथरूम कसं आहे ते सांगते. समितीतलं कुणी पाहायला आलं नाही, म्हणून सविस्तर सांगते.

दाराची चौकट ७० सेंटिमीटर. पल्ला काटकोनात उघडला की त्याची जाडी तेवढीच जागा खाते, हाती उरतात साधारण ६६. माझी खुर्ची चाकांच्या कड्यांसकट ६३. म्हणजे दोन्ही बाजूंना बोटभर जागा, आणि चाक ढकलणारा हात त्या बोटभर जागेतूनच न्यायचा. मुठीवरची कातडी चौकटीच्या कडेला घासून सोलवटते, भरते, पुन्हा सोलवटते. व्हीलचेअरसाठी दाराची मोकळी रुंदी निदान ८० सेंटिमीटरच्या पुढे असावी, असं सुगम बांधकामाचे निकष सांगतात. आत खुर्ची पूर्ण वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. ती आपल्या बाथरूममध्ये नाही आणि कधी होणारही नाही, म्हणून मी ती मागतही नाही. मी सरळ आत जाते आणि तशीच मागे मागे बाहेर येते.

दाराशी पाच सेंटिमीटरचा उंबरा आहे. चालणाऱ्या माणसाच्या तो लक्षातही येत नाही. चाकासाठी मात्र ती भिंतच. दर एक सेंटिमीटर उंचीला बारा सेंटिमीटर लांबीचा उतार हवा, या हिशेबानं साठ सेंटिमीटरचा रबरी उतार मी स्वतःच टाकला आहे. त्याला खिळा नाही, स्क्रू नाही, उचलला की निघतो. आत गेल्यावर शॉवरच्या जागेला चारी बाजूंनी आणखी एक कट्टा आहे, दहा सेंटिमीटरचा. तो मला ओलांडता येत नाही. त्यामुळे अंघोळ कट्ट्याच्या अलीकडे, प्लॅस्टिकच्या स्टुलावर. कडक स्टुलावर बसून राहिलं की बैठकीच्या हाडांवरची कातडी दबते आणि मला ते कळत नाही, कारण तिथे दुखतच नाही. अशानं होणारी जखम बरी व्हायला महिने लागू शकतात, आणि ते महिने पालथं पडून काढावे लागतात.

आणि आता भोकांविषयी.

कमोडशेजारी टॉवेल अडकवायची नळी आहे. ती टॉवेलसाठी असते हे मान्य. पण तोल गेला की माणूस हाताला लागेल ते धरतो, तशी मी ती धरली. तिचा एक स्क्रू भिंतीतून उपसून आला, पाठोपाठ प्लॅस्टिकची गुल्ली आणि चिमूटभर पांढरी भुकटी. मी कमोड आणि भिंत यांच्या मधल्या सांदीत अडकले. खुर्ची मागे सरकून दाराला टेकली. दार आत उघडणारं. बाहेरून बहीण ढकलतेय आणि प्रत्येक धक्क्यासरशी खुर्ची माझ्याच अंगावर येतेय. शेवटी मी जमिनीवरूनच हात लांबवून ब्रेक सोडला, खुर्ची कलती केली, तेव्हा तिला आत येता आलं. ती नळी नंतर मी माझ्या खर्चानं परत बसवून घेतली, नवी भोकं दोन बोटं वर पाडून. त्या भोकांना कुणाची परवानगी लागली नाही, कारण ती टॉवेलसाठी होती.

मी मागितलेल्या दोन दांड्यांना मिळून बारा भोकं लागतील. प्रत्येक दांड्याची दोन टोकं, प्रत्येक टोकाला तीन स्क्रू. एक दांडा कमोडशेजारी, जमिनीपासून साधारण ८५ सेंटिमीटरवर, म्हणजे त्यावर भार देऊन मला खुर्चीतून कमोडवर आणि कमोडवरून खुर्चीत सरकता येईल. दुसरा शॉवरपाशी. कमोडची बैठक खुर्चीपेक्षा खाली आहे. तिकडे उतरताना गुरुत्वाकर्षण मदत करतं, परत चढताना सगळं वजन दोन हातांवर येतं. म्हणून दांडा साधारण ११० किलोंचा भार सोसणारा हवा आणि तो भिंतीत पक्का रुतलेला हवा. ‘व्हॅक्यूमचे चिकटवायचे दांडे मिळतात की’ असं समितीच्या एका सदस्यांनी सुचवलं. हेतू चांगला होता, शंकाच नाही. पण ते दांडे तोल सावरण्यापुरते असतात, अंगाचं पूर्ण वजन त्यांच्यावर टाकायचं नसतं. टाइलच्या सांध्यावर ते धरतच नाहीत, आणि आज धरलेला उद्या सुटलाय की नाही हे त्यावर वजन टाकल्यावरच कळतं.

अर्ज फेटाळताना लेखी कारण एकच दिलंत. तोंडी कारणं बरीच ऐकायला मिळाली, त्यांनाही उत्तर देते.

गळती होईल, हे सगळ्यांत मोठं कारण. ही भीती खोटी नाही. खालच्या घराच्या छताला ओल आली की किती मनस्ताप होतो हे मलाही माहीत आहे. पण गळती होते कुठून? जमिनीतल्या जाळीच्या आणि ट्रॅपच्या भोवतालून, जुन्या पाइपांच्या जोडांतून, टाइलमधलं ग्राउट झिजून पडलेल्या फटींतून. माझा कमोडशेजारचा दांडा कोरड्या बाजूच्या भिंतीत, कमरेच्या उंचीवर आहे. जमिनीला मी हातही लावत नाही. शॉवरपाशी जी सहा भोकं पडतील त्यांत सिलिकॉन भरूनच स्क्रू बसतील आणि वरच्या पट्टीच्या कडेनं पुन्हा सिलिकॉन लागेल. त्याच ओल्या भिंतीवर आज गिझर टांगलेला आहे. पाण्यानं भरलेली टाकी, रात्रंदिवस, चार फास्टनरवर. तो टांगताना समितीची बैठक भरली होती का? आरसा, साबणाची जाळी, शॉवरची मान, फ्लशची टाकी, सगळ्यांना भोकं आहेत. या इमारतीतल्या प्रत्येक बाथरूमची भिंत आधीच चाळणीसारखी आहे आणि कुणाचीही तक्रार नाही.

‘भाडेकरू आज आहे, उद्या नाही.’ खरंय. म्हणूनच घर सोडताना सगळं पूर्ववत करून देईन, असं मी अर्जात लिहून दिलं होतं. हवं तर त्यासाठी वेगळी अनामत ठेवते, असंही लिहिलं होतं. ते वाक्य कुणी वाचलं की नाही, देव जाणे.

बाथरूम हॉस्पिटलसारखं दिसेल, हे कारण ऐकून मी जरा थांबलेच. जिन्याला कठडा आहे. तो धरून या इमारतीतली निम्मी माणसं चढतात-उतरतात आणि जिना कुणाला हॉस्पिटलचा वाटत नाही.

‘तळमजल्यावरचं घर का बघत नाही?’ हा प्रश्न मला इतक्या सहानुभूतीनं विचारला जातो की रागावणंही जमत नाही. इमारतीला लिफ्ट आहे आणि तिच्यात माझी खुर्ची मावते. मजल्याची अडचण मला कधीच नव्हती. सांडपाण्याचे पाइप एका सरळ रेषेत खाली आणायचे असतात, म्हणून बाथरूम एकावर एक रचलेली असतात. माझ्या बरोबर खाली, तळमजल्यावर, हेच बाथरूम आहे. तीच ७० ची चौकट, तोच उंबरा, तोच कट्टा. घर बदलून मला फक्त सामान हलवल्याचं समाधान मिळेल.

‘एकाला दिलं की सगळे मागतील.’ मागू देत की. ओल्या फरशीवर घसरायला व्हीलचेअर लागत नाही. गुडघ्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया होऊन घरी आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी काय लागतं, ते समितीतल्या ज्येष्ठांनीच सांगावं.

आता नियमांविषयी थोडं, कारण पत्रात आपण ‘नियमानुसार’ हा शब्द वापरलात, नियम कुठला ते मात्र लिहिलं नाहीत. संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला. अपंग माणसाला इतरांच्या बरोबरीनं वागता-राहता यावं म्हणून जो वाजवी फेरबदल लागतो आणि ज्याचा दुसऱ्यावर बेसुमार भार पडत नाही, तो नाकारणं हा भेदभाव आहे, असं त्याच्या दुसऱ्याच कलमात म्हटलं आहे. कलम १९ सांगतं की कुठे आणि कुणाबरोबर राहायचं हे ठरवायचा अधिकार अपंग माणसाला इतरांइतकाच आहे. हा करार सरकारांना बांधतो, इमारतीच्या समितीला थेट नाही, एवढं मला कळतं. पण ‘वाजवी’ म्हणजे काय यावर जगानं बराच विचार करून ठेवला आहे, तो आपल्याला कोऱ्या पाटीवरून सुरू करायला नको, एवढंच म्हणायचं आहे.

भाड्याच्या घराचा प्रश्न तर अगदी नेमकेपणानं सोडवलेला आहे. अमेरिकेत १९८८ साली घरांबाबतच्या भेदभावविरोधी कायद्यात दुरुस्ती झाली. अपंग भाडेकरू स्वतःच्या खर्चानं घरात वाजवी बदल करत असेल तर घरमालकाला तो अडवता येत नाही. आणि त्या कायद्याच्या नियमावलीत पहिलंच उदाहरण कशाचं दिलं आहे? बाथरूममधल्या आधाराच्या दांड्याचं! भाडेकरू घर सोडताना दांडे काढून भिंत दुरुस्त करून द्यावी, अशी अट मालक घालू शकतो. मात्र दांडा पेलण्यासाठी भिंतीच्या आत जी बळकटी दिलेली असते ती उपटून काढा, असं म्हणता येत नाही, कारण तिचा मालकाला काही त्रास नाही आणि पुढच्या भाडेकरूला ती उपयोगी पडू शकते. त्याच्या पुढचं उदाहरण बाथरूमचं दार रुंद करण्याचं आहे. रुंद केलेलं दार परत अरुंद करून मागता येत नाही. मालकाचं घर मालकाचं राहतं आणि भाडेकरूला अंघोळ करता येते. दोन्ही बाजूंचा इतका समंजस विचार आपल्यालाही करता येईल, त्यासाठी कायद्याचा बडगा कशाला हवा?

घरमालक, आता फक्त आपल्याशी. करार करण्याआधी आपण घर दाखवायला आलात तेव्हा मी याच बाथरूमच्या दारात खुर्ची लावून विचारलं होतं, इथे दांडे बसवावे लागतील, चालेल ना? ‘हो हो, त्यात काय एवढं,’ असं आपण म्हणालात. त्या शब्दावर मी आधीचं घर सोडलं. आपण सज्जन आहात, समितीशी वाकडं नको म्हणून गप्प आहात, हे मी ओळखून आहे. पण त्या गप्प बसण्याचा भार माझ्या खांद्यांवर येतो, आणि व्हीलचेअर वापरणाऱ्याचे खांदे आधीच जन्मभराच्या ओढाताणीनं झिजत असतात. ते गेले की मी पलंगावरूनही उठू शकणार नाही.

आणखी एक गोष्ट अर्जात होती, तिच्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. गरम पाणी. पायावर पडणारं पाणी किती तापलंय हे मला कळत नाही. साठ अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी खोलवर भाजतं. ४९ अंशांवर तेच व्हायला काही मिनिटं लागतात, म्हणजे सावरायला वेळ मिळतो. ठरावीक तापमानापुढे गरम पाणी जाऊ न देणारा मिक्सर बाजारात मिळतो आणि तो आहे त्याच नळाच्या जोडांवर बसतो. यात भोक नाही, गळती नाही, रूप बिघडणं नाही. तरी तोही ‘रचनेतील बदल’ ठरला. निर्णय अर्ज न वाचता झाला असं मी म्हणते ते यामुळे.

मागण्या अशा आहेत.

दोन दांडे बसवायला लेखी परवानगी द्या. खर्च माझा. काम करताना समितीच्या विश्वासातला प्लंबर उभा करा, भिंतीतून पाइप कुठून गेलाय हे त्यालाच दाखवू द्या, म्हणजे चुकून पाइपात ड्रिल जाण्याची धास्ती नको.

बाथरूमचं दार बाहेर उघडणारं करू द्या आणि त्याला ऑफसेट धाटणीच्या बिजागऱ्या लावू द्या, म्हणजे पल्ला चौकटीच्या पूर्ण बाहेर जातो आणि त्याच्या जाडीइतकी जागा मोकळी होते. जेमतेम साडेतीन-चार सेंटिमीटर, पण माझ्या मुठीला तेवढे पुरतात. आधीचा पल्ला आणि बिजागऱ्या मी जपून ठेवीन.

मिक्सर आणि लांब नळीचा हँडशॉवर बसवू द्या. याला परवानगी लागायलाच नको होती, पण आता नकार लेखी आहे तेव्हा होकारही लेखी हवा.

शॉवरभोवतीचा कट्टा काढणं हे मोठं काम आहे आणि त्यात वॉटरप्रूफिंगला हात लागतो, हे मला मान्य आहे. म्हणून त्याला लगेच हो म्हणा असा माझा आग्रह नाही. जाणकाराकडून पाहणी करून घ्या. कट्टा काढून जमिनीला जाळीकडे हलका उतार, म्हणजे पन्नासाला एक, देता येतो का ते तपासा. काम झाल्यावर जाळी बंद करून जमिनीवर एक-दोन दिवस पाणी साठवून ठेवू, खालच्या घराच्या छतावर नजर ठेवू, थेंब दिसला तर दुरुस्ती माझ्याकडे. फक्त ‘नाही’ म्हणायचं असेल तर पाहणीनंतर म्हणा, कारण लिहून म्हणा.

आणि शेवटची मागणी माझ्यापुरती नाही. ‘भाडेकरूंना कोणताही बदल करता येणार नाही’ या ठरावात एक ओळ घाला : अपंगत्व, आजारपण किंवा वार्धक्य यांमुळे लागणाऱ्या बदलांचा अर्ज आल्यास समितीचे दोन सदस्य प्रत्यक्ष जागा पाहतील आणि पंधरा दिवसांत कारणांसह लेखी उत्तर देतील. येत्या बैठकीत हा विषय घ्या. बैठक पहिल्या मजल्यावरच्या खोलीत असते आणि तिथे लिफ्ट थांबत नाही, तेव्हा या वेळी ती खाली लॉबीत ठेवावी, म्हणजे मलाही हजर राहता येईल.

दांडे मी आणून ठेवले आहेत. मिस्त्रीला कोणती तारीख द्यायची, तेवढं कळवावं.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची भाडेकरू